घट

हुपरीत आम्ही घट धरूनच चांदी घेतो.
आटवताना थोडी जाते, कानस मारताना थोडी,
दुकानाची केरधूळसुद्धा आम्ही फेकत नाही,
ती धुऊन चांदी काढणारे लोक आहेत.
सव्विसाव्या आठवड्यात जे गेलं
ते कुठल्या केरात शोधायचं?

सातशे ऐंशी ग्रॅम.
काट्यावरचा आकडा मी दोनदा वाचला.
दिवाळीच्या तोंडावर याहून जड पिशवी
मी सायकलच्या हँडलला अडकवून नेलीय.
चौथ्या दिवशी सातशे दहा.
"सगळ्यांचंच घटतं ओ पहिल्यांदा,"
सिस्टर बारदेस्कर म्हणाल्या,
आणि मला हसू आलं,
आमच्याच धंद्यातला शब्द
राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, काचेच्या पेटीपाशी.

पेटीवर चिठ्ठी : बेबी ऑफ त्रिशला.
माझं नाव कुठंच नव्हतं. बरोबरच होतं ते.

डॉक्टर नेर्लेकरांनी पॅडच्या पाठकोऱ्या कागदावर
वार काढली, नाळ काढली,
मग वर चढत जाणारी एक रेघ.
"शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येणारं हार्मोन
असं वाढत जातं. मेंदूला घड्या पडायच्या त्याच दिवसांत.
हिची वार सुटली, आणि रेघ..."
पेन कागदाच्या तळाशी येऊन थांबलं.
"तीच रेघ आम्ही बाहेरून ओढून बघतोय.
उपयोग होईल का, ठाऊक नाही.
ठाऊक असतं तर तुमची सही मागितली नसती,
सरळ दिलं असतं."

बाटल्या दोन. एकीत औषध, एकीत नुसतं पाणी.
कुठली कुणाला, ते त्यांनाही माहीत नाही,
पुण्यातल्या एका कपाटाला माहीत.
मी म्हटलं, साहेब, टंच बघितल्याशिवाय
आम्ही गिऱ्हाइकाच्या हातात माल देत नाही.
ते म्हणाले, हा टंचच चाललाय.

त्रिशला टाक्यांवर हात धरून बसलेली.
"मी देत होते, तेच देणार?"
"तेच. जवळजवळ."
"आणि जवळजवळच्या पलीकडचं?"
एसीचं पाणी बादलीत पडत होतं.
डॉक्टर काही बोलले नाहीत, म्हणून तिनं सही केली.
बोलले असते तर केली नसती,
असं ती मला नंतर केएमटीच्या बसमध्ये म्हणाली.

मायक्रोग्रॅम.
माझा काटा मिलिग्रॅमला थांबतो.
त्याच्या खालच्या अंधारात
कोण कोणासाठी काय तोलत होतं
मला दिसलं नाही.
मी रात्री पंपाचं दूध घेऊन जायचो, अकरा मिली, बारा मिली,
आणि शेजारच्या पेटीतल्या गडहिंग्लजच्या बाळाकडे
चोरून बघायचो.
त्याला औषध, की हिला?
एका रात्री ती पेटी रिकामी होती, चादर बदललेली.
घरी गेलं असेल, मी म्हटलं.
सिस्टरना विचारलं नाही.

आता ती अडीच वर्षांची आहे. नाव श्रेया नाही, आर्या नाही,
चंदना ठेवलंय.
तपासणीत चार ठोकळे रचायला सांगितले,
तिनं तीन रचले, चौथा तोंडात घातला.
डॉक्टरांनी तीन लिहिलं.
बोलते भरपूर. मोजते : एक, दोन, पाच.
मी ऐकतो आणि मनात बाटल्या हलतात,
'पाच' औषधाचा की पाण्याचा,
परवाचा तो हट्ट कुठल्या बाटलीतला.
कपाट अजून उघडलेलं नाही,
त्या यादीतलं शेवटचं मूल दोन वर्षांचं व्हायचंय.

त्रिशला म्हणते, आपल्याला पाणी मिळालं असेल
तर औषध दुसऱ्या कुणाला तरी मिळालंच की.
एवढं बोलून ती तांदूळ निवडते. मला नाही जमत.

चंदना चालते, पण डावी टाच टेकवत नाही.
फरशीवर पावलं वाजतात,
एक स्पष्ट, एक अर्धं.
गेल्या आठवड्यात तिचे वाळे केले.
डाव्यात दोन घुंगरू जास्त घातलेत.
त्रिशलाला अजून सांगितलेलं नाही.